न विचारता घेतलेलं

मोकळेकाकांचं आडनाव मोकळे नव्हतं. बाजार मोकळा हवा, सीमा मोकळ्या हव्यात, माणसाचा हात आणि खिसा दोन्ही मोकळे हवेत, असं ते भेटेल त्याला ऐकवत, म्हणून गल्लीने त्यांना ते नाव चिकटवलं. पुढे ते इतकं रुळलं की नवे लोक दारावरच्या पाटीवर 'मोकळे' शोधत आणि सापडलं नाही की वरच्या मजल्यावर जाऊन चौकशी करत.

काकांचा बटणांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. आत शिरलं की राळेचा उग्र वास नाकात जो बसायचा तो घरी जाईपर्यंत सुटत नसे. फिरत्या पिंपात राळ ओतून तिचा पातळ थर धरायचा, तो मऊ आहे तोवर त्यातून चकत्या पाडायच्या, चकत्या कडक झाल्या की त्यांना कड काढायची, भोकं पाडायची, आणि शेवटी त्या मोठ्या ड्रममध्ये पाणी आणि दगडाची बारीक पूड घालून गुळगुळीत होईपर्यंत घोळवायच्या. ड्रम दिवसभर गडगडत असत. त्या ड्रमवर मावशी होत्या. काकांपेक्षा त्या वयाने लहान, पण काकांसकट सगळे त्यांना मावशीच म्हणत. ओलं बटण हातात घेऊन त्या अंगठा फिरवत आणि 'अजून नाही' किंवा 'काढा आता' एवढंच बोलत.

शेडच्या एका टोकाला माळा होता आणि रविवारी सकाळी तिथे काकांची बैठक भरायची. एक निवृत्त ग्रंथपाल, एक दातांचे डॉक्टर, कॉलेजातली दोन-चार मुलंमुली, आणि काकांचा शाळेपासूनचा मित्र, जो करसल्लागार होता. हा मित्र म्हणजे बैठकीची जान. लोकांचे कर भरून देण्यावर त्याचं घर चालायचं आणि काका त्याच्यासमोर बसून करांना शिव्या घालायचे.

"शेजाऱ्याने न विचारता माझी सायकल नेली तर ती चोरी," काका म्हणायचे. "आणि सगळ्या गल्लीने हात वर करून ठरवलं, मग नेली, तर तो कर. सायकल माझीच ना? मला विचारलं का कोणी?"

"आणि ती सायकल खरोखरच चोरीला गेली की पोलिसाकडे कोण धावतं रे?" मित्र विचारायचा.

"मीच धावेन. आणि त्याचे पैसेही देईन. राखणदाराचा पगार द्यायला माझी ना नाही. रस्त्याचे घ्या, न्यायालयाचे घ्या. जे वापरलं त्याचं घ्या, सांगून घ्या."

"म्हणजे थोडा कर चालतो तुला."

"चालत नाही. सोसतो."

सगळे हसायचे. मग कोणीतरी मुद्दाम आयात शुल्काचा विषय काढायचं, कारण त्यावर काका पेटतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. "ते तर सोसवतही नाही," काका म्हणायचे. "कराच्या पैशाने निदान राखणदार तरी ठेवता येतो. इथे तो राखणदारच माझ्या गिऱ्हाइकाला रस्त्यात गाठतो. तू याच्याऐवजी परक्याकडून माल का घेतलास म्हणून त्याला दंड करतो, आणि मला सांगतो, बघा, तुमचं भलं केलं. असलं भलं मला नको. असा राखणदार मी दारात उभा करणार नाही."

हे सगळं ऐकत काकांची मुलगी मोठी झाली. ठकू. काकू लवकर गेल्या, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिला कुठे ठेवायचं हा प्रश्न असायचा आणि उत्तर एकच होतं, माळा. ती कोपऱ्यात बसून नापास बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायची आणि मधूनच असा एखादा प्रश्न टाकायची की डॉक्टर चहा पिता पिता थांबायचे. कळायला लागल्यावर तिने बापाचा एकही शब्द डोळे मिटून स्वीकारला नाही, आणि त्याचंच काकांना सगळ्यात जास्त कौतुक होतं.

शिक्षण संपल्यावर ठकूने शर्ट शिवायचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. जुन्या गोदामाचा एक मजला भाड्याने घेतला, शिलाई मशीनं मांडली, हाताखाली बायका घेतल्या. पहिली मोठी ऑर्डर आली ती समुद्रापलीकडच्या एका दुकानमालिकेची. ती मिळाली त्या दिवशी ती कारखान्यात आली आणि बराच वेळ घुटमळत राहिली.

"बाबा, एक सांगायचंय. रागवू नका."

"लग्न ठरवलंस?"

"नाही हो. बटणं मी बाहेरून मागवतेय. परदेशातून. तुमच्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात, आणि त्या लोकांना कापडाच्या रंगाशी तंतोतंत जुळणारी हवीत. आपल्याकडे ती छटा येत नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते खो-खो हसत सुटले. मग मावशींना हाक मारून म्हणाले, "ऐकलंत का? माझी पोरगी माझ्याकडून बटणं घेत नाही! स्वस्त आणि चांगलं मिळतं तिथून घेते!" पुढच्या रविवारी त्यांनी ही गोष्ट बैठकीत इतक्या अभिमानाने सांगितली, जणू मुलगी परीक्षेत पहिली आली होती.

पण जी बटणं ठकू मागवत होती तीच हळूहळू सगळेच मागवायला लागले. काकांची जुनी गिऱ्हाइकं तोंडदेखलं हसून पुढच्या महिन्यात बघू म्हणायची आणि पुढचा महिना उजाडायचाच नाही. आधी दुसरी पाळी बंद झाली. मग पहिली पाळीही आठवड्यातून काही दिवसांवर आली. दिवसभर गडगडणारे ड्रम गप्प झाले की शेडमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायचा, जो इतकी वर्षं कोणी ऐकलाच नव्हता.

त्या सुमाराला बटण उत्पादक संघाचे अध्यक्ष काकांकडे आले. गोड बोलणारा, टापटीप माणूस. स्वतःचा कारखाना काकांच्या कितीतरी पट मोठा.

"काका, शुल्कासाठी आम्ही सरकारकडे गेलो तर सरकार म्हणणार, यांचा स्वार्थ आहे. पण तुम्ही बोललात तर गोष्ट वेगळी. जो माणूस आयुष्यभर शुल्काविरुद्ध बोलला, तोच मागायला आला, म्हणजे खरंच पाणी गळ्याशी आलंय, असं त्यांना वाटेल."

"ते मला जमणार नाही," काका म्हणाले.

"अहो, पण तिकडचं सरकार त्यांच्या बटणवाल्यांना पैसे देतं. ही कसली मोकळी स्पर्धा? ते एका बाजूने ढकलतायत, आपण फक्त दुसऱ्या बाजूने हात लावायचा. तोल साधायला."

या युक्तिवादाचं उत्तर काकांना तोंडपाठ होतं. त्यांचं सरकार त्यांच्या लोकांना लुटून आपल्याला स्वस्त माल देत असेल, तर आपल्या सरकारने आपल्या लोकांना लुटून त्याची फिट्टंफाट कशी होईल? हे ते स्वतः माळ्यावर अनेकदा बोलले होते. आत्ताही बोलले. पण बोलताना आवाजात नेहमीची धार नव्हती, हे अध्यक्षांच्याही लक्षात आलं. "विचार करा," म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी मावशी काकांच्या टेबलापाशी आल्या. त्यांनी काही मागितलं नाही, गाऱ्हाणंही केलं नाही.

"पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी यायचं ते आधी कळेल का? नाही, एका घरी झाडूपोछ्याचं काम मिळतंय. त्यांना दिवस सांगायचेत."

काकांनी मान खाली घातली. या बाईच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय त्यांच्या कारखान्यातून एक बटण बाहेर पडलं नव्हतं. "सांगतो," ते म्हणाले. मावशी गेल्यावर त्यांनी अध्यक्षांना फोन लावला.

करसल्लागार मित्राला त्यांनी हे सांगितलं तेव्हा तो आता टाळ्या पिटेल, इतक्या वर्षांचा वचपा काढेल, अशी काकांची कल्पना होती. त्याने नुसता समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला.

"बोल ना. जिंकलास तू."

"कसला जिंकलो," मित्र म्हणाला. "मी रस्त्यासाठी आणि न्यायालयासाठी कर मागत होतो. बटणांसाठी नव्हतो मागत. तुला नक्की जायचंय का तिथे?"

"दोनच वर्षं. श्वास घेण्यापुरतं. तोवर नवी यंत्रं घेतो, छटा जुळवायला शिकतो. मग काढून टाकू म्हणावं."

"आणि ठकू?"

"ठकू हुशार आहे. ती निभावून नेईल. मी बोलेन तिच्याशी."

बोलायचं म्हणून काका एका संध्याकाळी तिच्याकडे गेलेही. ती मशीनवर वाकून एका नव्या मुलीला कॉलर पलटवायला शिकवत होती. "बाबा, पाच मिनिटं हं," म्हणाली. पाच मिनिटांची बरीच मिनिटं झाली. मग तिने उत्साहाने नवी ऑर्डर दाखवली, पहिलीपेक्षा मोठी, सगळा भाव आधीच ठरलेला. काकांच्या जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. आज ती आनंदात आहे, पुढच्या वेळी सांगू, असं मनाशी म्हणत ते जिना उतरले.

सरकारी समितीपुढची सुनावणी एका गार सभागृहात झाली. काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी जन्मभर शुल्काच्या विरोधात बोललो. अजूनही ते चूक आहे असंच माझं मत आहे. पण माझ्या कारखान्यातली माणसं माझ्या मताची किंमत मोजतायत, आणि ते मला बघवत नाही. फक्त दोन वर्षं द्या." समितीतल्या एका सदस्याने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो होता. ठकूला ही बातमी तिथून कळली.

शुल्क लागलं. लागलं तेव्हा ठकूची बटणं बंदरात उतरलेली होती. ती सोडवायची तर शर्टामागे जे थोडंफार सुटणार होतं ते सगळं शुल्कातच जाणार होतं. ऑर्डरचा भाव वाढवून द्यायला तिकडचे लोक तयार नव्हते. ठकू कारखान्यात आली. घरातली म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून.

"बाबा, भाव काय?"

काकांनी भाव सांगितला. संघाने ठरवल्याप्रमाणे सगळ्यांनीच भाव वाढवले होते. परदेशी माल महाग झाला की वाढवायला जागा होते, आणि झालेली जागा कोणी मोकळी सोडत नाही.

"तुला जुन्या भावात देतो गं," ते घाईने म्हणाले. "तुला कुठे..."

"आणि माझ्यासारख्या बाकीच्यांना?"

काकांनी समोरचा बटणांचा ट्रे उगाच सरळ केला. ठकूने खिशातून कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी काकांच्या ट्रेमधलं एक बटण. छटा जुळत नव्हती. जवळपासही नव्हती.

"जुन्या भावात दिलंत तरी हे चालणार नाही," ती म्हणाली आणि तुकडा उचलून निघाली.

ऑर्डर रद्द झाली. त्यानंतरचीही झाली. काही महिने ठकूने शाळांचे गणवेश, दुकानांचे एप्रन, मिळेल ते शिवलं, पण भाडं आणि पगार त्यातून निघेनात. शेवटी तिने मशीनं विकायला काढली.

इकडे कारखान्यात दोन्ही पाळ्या सुरू झाल्या होत्या. मावशींनी झाडूपोछ्याचं काम सोडलं. त्यांना पुन्हा ड्रमपाशी उभं असलेलं पाहिलं की काकांना बरं वाटायचं, आणि लगेच ठकूकडच्या बायका आठवायच्या. त्यातल्या एकीचंही तोंड त्यांना नीट आठवत नव्हतं. सभागृहात ते ज्या माणसांसाठी बोलले ती रोज समोर दिसणारी होती. ही दुसरी माणसं फक्त जिना चढताना बाजूने गेली होती.

मशीनं नेली त्या दिवशी काका तिच्याकडे गेले. मजला रिकामा होता. फरशीवर मशीनच्या पायांचे गोल डाग होते आणि भिंतीकडेला दोऱ्यांची गुंतवळ. ठकू खिडकीत बसली होती. ती चिडली असती, आरडाओरडा केला असता, तर काकांना सोपं गेलं असतं.

"माझं चुकलं, ठकू."

"मावशींचं काम राहिलं ना?"

"राहिलं."

"मग सगळंच चुकलं असं कसं म्हणता?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही मला येऊन सांगितलं असतंत ना, की ठकू, असं असं आहे, मावशींचं काम जातंय, तुझ्या व्यवसायाला धक्का बसेल, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. खरंच. मावशींनी माझ्या वेण्या घातल्यात. ही ऑर्डर मी घेतली नसती, दुसरं काहीतरी बघितलं असतं. पण तुम्ही माझं घेतलंत आणि मला वर्तमानपत्रातून कळलं."

काकांना वाटलं, आपण एवढी वर्षं माळ्यावर जे बोललो ते कोणीतरी नीट ऐकलं होतं, आणि ते हिनेच ऐकलं होतं. त्यांना बसायचं होतं, पण बसायला त्या मजल्यावर खुर्ची उरली नव्हती.

रविवारची बैठक त्यांनी बंद केली. लोकांनी कारण विचारलं तर पाठ दुखते म्हणाले. दोन वर्षं संपत आली तशी संघाने मुदतवाढीसाठी अर्ज केला. काकांनी समितीला विरोध कळवला, स्वतः जाऊन भेटायचाही प्रयत्न केला. पण मागताना ज्यांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं, त्यांनी आता त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मुदत वाढली. पुढे ती पुन्हा वाढली.

संघाने वार्षिक सभेत काकांचा सत्कार ठेवला. नको नको म्हणत ते गेले, कारण तिथे माईक मिळणार होता. हार घालून झाल्यावर ते बोलायला उभे राहिले.

"हे शुल्क काढा," ते म्हणाले. "आपण दोन वर्षं मागितली होती, ती झाली. मी नवी यंत्रं घेतली नाहीत. तुमच्यातही किती जणांनी घेतली? गरजच पडली नाही. आपण जे खातोय ते शर्ट शिवणाऱ्यांच्या ताटातलं आहे आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. मी माझ्या मुलीला विचारलं नव्हतं."

सभागृहातली कुजबुजही थांबली. क्षणभर काकांना वाटलं, लागलं कुठेतरी. मग अध्यक्ष हसत हसत पुढे झाले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, "काकांचा विनोदी स्वभाव तुम्हाला माहीतच आहे!" हशा पिकला. टाळ्या पडल्या. पलीकडच्या दालनात जेवण लागलंय असं कोणीतरी जाहीर केलं आणि सगळे उठले.

ठकू तोवर एका मोठ्या शिलाई कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख झाली होती. पगार बरा होता. त्या कारखान्यात काकांचीच बटणं जात, कारण आता दुसरी परवडत नसत. एकदा तिथून माल परत आला. भोकांच्या कडा धारदार राहिल्या होत्या, दोरे कापले जात होते. बदली माल घेऊन काका स्वतः गेले. ठकूने एकेक पिशवी उघडून बटणं तपासली, जशी कोणाचीही तपासली असती, आणि माल घेतला. मग दोघं कॅन्टीनमध्ये चहा प्यायला बसले.

"माझ्याने आता होत नाही गं," काका म्हणाले. "कारखाना तू घेतेस? जसा हवा तसा चालव."

तिने खरोखरच विचार केला, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"नको बाबा."

"माझ्यावरचा राग?"

"राग नाही. तो कारखाना आता शुल्कावर उभा आहे. उद्या सरकारने ते काढायचं ठरवलं, तर मावशी माझ्या टेबलापाशी येतील, कुठल्या दिवशी यायचं म्हणून विचारतील, आणि मीही त्या सभागृहात जाऊन उभी राहीन. मला माहितीये, मी राहीन. मी तुमच्यापेक्षा फार वेगळी नाही."

कारखान्याची घंटा झाली. ठकूने दोघांचे कप उचलून ट्रेमध्ये ठेवले, "गाडी हळू चालवा," म्हणाली आणि आत गेली.

पुढल्या वर्षी काकांनी कारखाना अध्यक्षांना विकला. दुसरा घेणारा नव्हता. मावशींना कामावर ठेवायचं हे त्यांनी कबूल करून घेतलं आणि तेवढं अध्यक्षांनी पाळलंही. ठकू सुट्टी असली की घरी येते, बापाच्या औषधांकडे बघते, स्वयंपाक करते, कामावरच्या गमतीजमती सांगते. काका हसतात. जाताना ती दारात चपला घालत असते तेव्हा दर वेळी त्यांना वाटतं, आज विचारावं, पुन्हा स्वतःचं काही सुरू करशील का. उत्तर काय येईल याची भीती वाटते, म्हणून ते 'पोचलीस की फोन कर' एवढंच म्हणतात.